पांगवलेले ठिपके

काशीकाकांनी फेकलेला दोर योगिनीने वरच्यावर झेलला, जेटीवरच्या लोखंडी खुंटाला दोन वेढे मारले आणि होडी नीट लागायच्या आतच आत उडी टाकली.

"हळू गो बाय! तुझ्या आयशीला काय सांगू मी, इंजिनिअर पाण्यात पडली म्हणून?"

"पेटीची बॅटरी उतरलीय, काका. बदलते आणि पळते. तीन वाजता इंटरव्ह्यू आहे."

"आज?" काशीराम घाईने उठून उभे राहिले. "मग तू कशाला उतरलीस? वर थांब. मी देतो काढून."

पण जागा तिला माहीत होती. मागच्या फळीखाली तिनेच पट्टी ठोकून पेटी बसवली होती. ती वाकली. पट्टी होती, दोन्ही स्क्रू होते, पेटी नव्हती.

"कुठाय?"

काशीरामांची नजर आधी थर्माकोलच्या खोक्याकडे गेली आणि लगेच भगवतीच्या किल्ल्याकडे वळली, जणू तिथे काल रात्रीत काही नवीन बांधलं होतं. योगिनीने खोक्याचं झाकण उचललं. आत मासळी नव्हती. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या राखाडी पेट्या एका ओळीत बसवल्या होत्या. खाली जुना टॉवेल, आणि एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये काथ्याचे बोळे. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेनाने नाव. सातही होत्या. एकीवर लिहिलं होतं, मोरू. मोरू म्हणजे तिचे बाबा. ते पहाटेच बोट घेऊन बाहेर गेले होते आणि अजून परतले नव्हते.

ती खोक्यासमोर उकिडवी बसली. होडी हलत होती, आणि तिला वाटलं, आपणच हलतोय.

"राग धरू नको," काशीराम म्हणाले. "तुझं काम कुणी मोडलं नाय. रोज घरी नेऊन सगळ्या चार्जिंगला लावतो. आमची चिमा बोंब मारते, मोबाईल लावायला भिंतीत एक भोक ठेवलं नाय म्हणून."

"पण का?"

"जागा दाखवत नाय गो कोण." समुद्राचं पाणी खारट असतं हे सांगावं, तितक्या सरळपणे त्यांनी हे सांगितलं. "सुरमई कुठं लागली ते माणूस सख्ख्या भावाला सांगत नाय. आणि तुझा नकाशा सात घरांत. आज बायकोनं बघितला, उद्या मेव्हण्याची बोट त्याच जागेवर. पण तुला नाय कुणी म्हणायचं? पोर आपली, कालिजाचं काम. मी आपला खाडीच्या तोंडाशी गळ टाकून बसणारा. माझी जागा अख्ख्या बंदराला ठाऊक. म्हटलं, ठेवा सगळ्या माझ्याकडं."

"पहिली कुणी आणून दिली?"

काशीरामांनी वल्हं उगाच उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"तुझ्या बापसानं," ते म्हणाले. आणि मग, तिचं तोंड बघून, समजूत घातल्यासारखं, "गुडघ्यानं धरलं तरी एक खाडा केला नाय मी. मी घरी बसलो तर सात घरांत ठिपके हलायचे नायत."

योगिनीला हसू आलं आणि लगेच विरलं.

पेट्या तिने स्वतः जोडल्या होत्या. शेवटच्या वर्षाला वर्गातल्या बहुतेकांनी हजेरीचं ॲप केलं, ग्रंथालयाचं ॲप केलं. तिने खिडकीत बसून सोल्डरिंगच्या धुरात डोळे चोळत एका छोट्या बोर्डाला जीपीएसचा तुकडा, सिमकार्ड आणि बॅटरी जोडली आणि ते सगळं वायरिंगच्या प्लॅस्टिक पेटीत घालून कडा एमसीलने बंद केल्या. समुद्राच्या पाण्याने पहिल्या दोन पेट्या खाल्ल्या. तिसरी टिकली. पेटी जागा कळवायची, सर्व्हर ती नकाशावर मांडायचा आणि घरातल्या बायकांना फोनवर आपल्या बोटीचा ठिपका दिसायचा. सगळा कोड तिचा होता. त्यातली ओळ न् ओळ ती डोळे मिटून सांगू शकली असती.

आणि त्यातल्याच दोन ओळी आता तिला डोळे उघडे ठेवून दिसत होत्या. डेटा कमी लागावा म्हणून तिने जागेचे आकडे ढोबळ केले होते, किलोमीटरभर इकडेतिकडे. मग ठिपके एकावर एक बसू लागले, खालचे दिसेनात, म्हणून तिने एक छोटं फंक्शन लिहिलं, एका जागी आलेले ठिपके जरासे पांगवून दाखवणारं. एका खोक्यातल्या सात पेट्या नकाशावर सात बोटी होऊन खाडीच्या तोंडाशी पसरायच्या. सगळ्या किनाऱ्याजवळच कशा, असा प्रश्न तिला एकदा पडला होता. नेटवर्क तेवढंच पोचतं, असं उत्तर तिने स्वतःच देऊन टाकलं होतं.

पुढचं त्याहून वाईट होतं. सहा महिन्यांची माहिती तपासून तिने निष्कर्ष काढला होता, की इथल्या छोट्या बोटी एकमेकींच्या आधाराने, गटाने मासेमारी करतात. कॉलेजातल्या सरांनी त्याला शाबासकी दिली. बायोडेटात ते वाक्य ठळक अक्षरांत होतं. हे सगळं ती लिहीत होती, तेव्हा बाबा तिच्यापासून दोन हातांवर पाटावर बसून जेवत होते. त्यांना विचारावं असं तिला सुचलं नव्हतं.

"आज सायब नकाशा बघणार?" काशीरामांनी विचारलं.

"मॅडम आहेत. हो, बघणार."

"आणि सातही इथं बंदरात दिसणार."

योगिनी पिशवीतून नवी बॅटरी काढू लागली.

"त्यात काय एवढं? दुपारच्याला ट्रॉलर सुटतात पाच-सहा. एकेकाला एकेक पेटी देतो. चांगले पांगतील. तुझ्या मॅडमला सात बोटी दिसल्या म्हणजे झालं ना?" त्यांचा चेहरा खुलला होता. काहीतरी हातात आल्यासारखे ते पेट्या उलटसुलट करून बघू लागले. "मोरूची जयगडाकडं जाणाऱ्याला देतो. लांब दिसंल, शोभंल."

योगिनीने बॅटरी बदलली. झाकणाचे स्क्रू आवळले. एक स्क्रू दोनदा हातातून निसटला. पेटी तिने काशीरामांच्या हातात दिली. ती हो म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.

पेठकिल्ल्याच्या चढाने घरी येताना ती दोनदा थांबली. एकदा मागेही वळली आणि चार पावलं गेल्यावर पुन्हा घराकडे निघाली. पास होऊन वर्ष उलटलं होतं. वर्गातली संध्या पुण्यात लागली होती, गौरव हैदराबादला. योगिनी मारुती मंदिराजवळच्या क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना टायपिंग आणि टॅली शिकवत होती. मुलं विचारायची, "मॅडम, तुम्हाला एवढं येतं, मग तुम्ही इथे का?" आज इंटरव्ह्यू घेणारी कंपनी मालट्रकांचा माग ठेवायची. तिच्या कामाला इतकं जवळचं काम पुन्हा निघालं नसतं. दोन फेऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या फेरीत मनिषा मॅडमनी तो ठळक अक्षरातला निष्कर्ष वाचून विचारलं होतं, "हे तुम्हाला डेटातून सापडलं, की आधीच माहीत होतं?"

"डेटातून," ती म्हणाली होती, आणि तेव्हा तिच्या आवाजात किती अभिमान होता ते तिला आता आठवत होतं.

घरी आई भाताचा कुकर उतरवत होती. फोन तिने ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला होता, रोजच्यासारखा.

"बंदराला लागलेत," ती फोनकडे मान करून म्हणाली. "आज लवकर. लिलाव करतील, जाळी बघतील, येतील. एवढं आवरून मी जेवून घेते. तू?"

"नको मला."

"दोन घास खा. रिकाम्या पोटी इंग्रजी येत नाय."

योगिनी आतल्या खोलीत जाऊन बसली. लॅपटॉप उघडला, सादरीकरणातलं गटाचं पान काढून टाकलं, पुन्हा आणलं, पुन्हा काढलं. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जातो. उकडायला लागलं तसा सुरू केला. खिडकीबाहेर वाऱ्याने माडांच्या झावळ्या एकाच बाजूला झुकल्या होत्या. तीनला थोडंच उरलं तेव्हा स्वयंपाकघरातून आईच्या ताटाचा आवाज येऊ लागला. आई निवांत जेवत होती. काशीकाकांचा ठिपका बघून. ही गोष्ट मनात आली तशी योगिनी उठून उभी राहिली आणि उभं राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसली.

तीनला मनिषा मॅडम पडद्यावर आल्या. चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या, मागे कोरी भिंत. त्या मराठीतच बोलल्या. सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. नेटवर्क गेलं तर पेटी काय करते? साठवते, मिळालं की पाठवते. बॅटरी किती टिकते? पेटी हलत नसेल तर ती झोपते, त्यामुळे दोन-तीन दिवस. मिठाने काय झालं? योगिनीने मिठाने गंजलेले बोर्ड उचलून कॅमेऱ्यासमोर धरले. तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. मॅडम पुढे झुकल्या. "हे जपून ठेवा," त्या म्हणाल्या. इतकं सगळं खरं होतं.

"आता नकाशा दाखवा. चालू स्थितीतला."

तिने लॅपटॉपचा पडदा त्यांनाही दिसेल असा जोडला. नकाशा उघडला.

काशीकाकांनी शब्द पाळला होता. सात ठिपके बंदरातून बाहेर पडले होते. दोन पश्चिमेला सरळ, एक पावसच्या बाजूला, एक खाडीतच, बाकीचे किल्ल्याला वळसा घालून वर. दर थोड्या वेळाने ते नकाशाच्या पुढच्या चौकटीत सरकत होते. पेट्या इतक्या दूर, इतक्या वेगवेगळ्या जागी तिने कधीच पाहिल्या नव्हत्या. नकाशा सुंदर दिसत होता.

"तुमचा गटाचा निष्कर्ष," मॅडम म्हणाल्या. "आज मात्र पांगल्यात."

"हो. आज वारा वाढलाय," योगिनी म्हणाली. "वाऱ्याच्या दिवशी जाळी एकमेकांत गुंतायची भीती असते. मग बोटी मुद्दाम अंतर ठेवतात."

"अच्छा. म्हणजे हवामानाची माहिती जोडली तर हा बदल आधी सांगता येईल."

"येईल."

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. योगिनीच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली उतरला. हे कारण तिला शोधावंही लागलं नव्हतं. ते आपोआप जिभेवर आलं होतं, नेटक्या वाक्यात, अगदी पटेल असं.

दारात आई उभी होती. एका हातात फोन, दुसरा हात उष्टा, बोटं मिटलेली. इंटरव्ह्यूच्या वेळी आत यायचं नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. तिने फोन वर धरून दाखवला. योगिनीने डोळ्यांनीच खूण केली, नंतर. आई हलली नाही.

"योगिनी," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा परत बाहेर गेले गो."

योगिनीने माइक बंद करायला हात पुढे केला. मॅडम काही विचारत होत्या, वीजपुरवठ्याबद्दल. ती उत्तर देऊ लागली.

"जयगडाकडं चाललेत," आई म्हणाली. आता आवाज हळू राहिला नव्हता. "तिकडं कधी जात नायत. बंदराला लागलेला माणूस ह्या वाऱ्यात परत कशाला जाईल? इंजिन गेलं असंल. वाहत चाललेत ते."

"आई, एक मिनिट."

"मी दीपेशला सांगते बोट काढायला. तो घरीच हाय. आत्ता निघाला तर गाठंल." ती वळलीसुद्धा. फोन तसाच पुढे धरलेला, चपला शोधायला पाय चाचपडत.

दीपेश चुलतभाऊ. सांगितलं असतं तर त्याने शर्टही न घालता बोट काढली असती.

"आई, थांब!" योगिनी इतक्या मोठ्याने बोलली, की पडद्यावर मनिषा मॅडम बोलायच्या थांबल्या. "ते बाबा नाहीत."

आई दारातच वळली.

"ती पेटी आहे. बाबांची पेटी. बाबा तिच्याबरोबर नाहीत. एका ट्रॉलरवर आहे ती."

"ट्रॉलरवर कशी?"

"काशीकाकांनी दिली. माझ्या इंटरव्ह्यूसाठी. मला माहीत होतं." तिने श्वास घेतला. "मी नको म्हणाले नाही."

"योगिनी, तुम्हाला कॉल बंद करायचाय का?" मॅडमनी विचारलं. "आपण पुन्हा कधीतरी..."

"नाही. तुम्हीही ऐका." ती बोलत होती आणि बोलताना कुणाकडे बघावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती मध्येच लॅपटॉपकडे बघत होती, मध्येच दाराकडे. "सातही पेट्या एका होडीत असतात. पहिल्यापासून. कुठलाही तांडेल आपली मासळीची जागा दुसऱ्याला दाखवत नाही. मला नाही म्हणणं कुणाला जमलं नाही, म्हणून सगळ्यांनी पेट्या एका माणसाकडे दिल्या. तो रोज किनाऱ्याजवळ बसतो. बोटी गटाने फिरत नाहीत. वाऱ्यात अंतर ठेवतात हे मी आत्ता तुम्हाला सांगितलं, ते बनवून सांगितलं. आणि एका जागचे ठिपके वेगळे दाखवायचा कोड माझाच आहे."

पंखा फिरत होता. आई फोनकडे बघत होती, मग उष्ट्या हाताकडे.

"म्हणजे इतके महिने मी काशीरामाला बघून जेवतेय?"

पडद्यावर मॅडमनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरलं की आणखी काही, ते कळलं नाही.

"हो," योगिनी म्हणाली.

"आणि ह्यांना ठाऊक होतं."

"पेटी पहिल्यांदा त्यांनीच दिली."

आईने मान हलवली, एकदाच. हा हिशेब ती बाबा घरी आल्यावर करणार होती. मग तिने विचारलं, "मग आत्ता ते कुठं हायत?"

"मला माहीत नाही."

उत्तर इतकं छोटं होतं, की ते पुरं झालंय हे दोघींनाही लगेच कळलं नाही. आई आणखी काहीतरी ऐकायला थांबली. बाहेर झावळ्या सळसळत होत्या. मग ती आत आली, पदराला हात पुसला आणि योगिनीच्या शेजारी पलंगाच्या कडेवर टेकली. कॅमेऱ्यात तिचा अर्धा खांदा आणि कानातली कुडी दिसायला लागली.

"नमस्कार मॅडम," ती म्हणाली. "हिला बोलू नका. बंदरातल्यांनी केलंय ते."

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "नाही, बोलत नाहीये." मग त्यांनी योगिनीला विचारलं, "नकाशा अजून तसाच चालू आहे. ठिपके अजून सरकताहेत. आणखी सहा घरांत हे कुणीतरी बघत असेल ना?"

योगिनीने मान वर केली. आणखी सहा घरं. राजिवड्याची तुळसामावशी, वरच्या आळीतली कमळा. ओट्यावर, देव्हाऱ्याशेजारी, उशीखाली ठेवलेले फोन.

तिने कोडची खिडकी पुढे ओढली. जागा तिच्या हातांना पाठ होती. नकाशावर ठिपके दाखवणारी ओळ तिने शोधली, बंद केली, फाइल सर्व्हरवर टाकली आणि नकाशा पुन्हा उघडला. जयगडापासून पूर्णगडापर्यंत किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ आली. रेघेच्या डावीकडे पडद्याच्या कडेपर्यंत नुसता निळा रंग होता. त्यात काहीही नव्हतं. आईच्या मांडीवरच्या फोनमध्येही तेच आलं.

आईने फोन बाजूला ठेवला आणि मोठ्या पडद्याकडे वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हां," ती म्हणाली. "एवढा असतो दर्या."

मनिषा मॅडमनी टिपणं लिहिलेला कागद उलटा केला आणि पेन उघडलं.

"आता इथून सांगा," त्या म्हणाल्या.